भीतीची मोजपट्टी

नैसर्गिक आपत्ती कोसळली की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले, 'लोकांना धोक्याची जाणीवच नव्हती.' दुसरे, 'सांगूनही लोक ऐकत नाहीत.' ही वाक्ये परस्परविरोधी आहेत. तरीही एकाच व्यासपीठावरून, एकाच वक्त्याच्या तोंडून ती ऐकू येतात आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. कारण दोहोंचा निष्कर्ष एकच असतो : दोष लोकांचा. हे 'लोक' म्हणजे नेमके कोण, ते मात्र सांगितले जात नाही. नदीकाठच्या झोपडीत, डोंगराच्या उतारावर, गावाच्या सखल अंगाला राहणारी ही माणसे. म्हणजे बहुतेक वेळा आपलीच माणसे.

२००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांचे आराखडे तयार होतात, प्रशिक्षणे होतात आणि लोकांची 'जोखीम-जाणीव' व 'पूर्वतयारी' किती आहे हे पाहण्यासाठी प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही या कामावर पाठविले जाते; माझे विद्यार्थी गेलेले आहेत. मोजमाप वाईट, असे माझे म्हणणे नाही. ज्याची मोजदाद नाही त्याची दादही लागत नाही, हे आपल्या चळवळीला नव्याने शिकविण्याची गरज नाही. परंतु मोजपट्टी आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी, कशासाठीतरी तयार केलेली असते. तिचा इतिहास असतो, आणि तो तपासल्याशिवाय तिने दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणे धोक्याचे असते.

प्रस्तुत लेखात मला तो इतिहास तपासावयाचा आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : गेल्या दीडशे वर्षांत गरिबाच्या मनातले भय वारंवार मोजले गेले, त्या भयावर उपाय करण्याची शक्ती त्याच्या हातात किती होती, हे क्वचितच मोजले गेले. धोका कळणे आणि धोक्याची तयारी असणे यांत जे अंतर दिसते, त्याला 'दैववाद' असे नाव देऊन मोकळे होण्याची सोय या अपुऱ्या मोजमापाने करून दिली. ते अंतर प्रत्यक्षात जमिनीचे, मजुरीचे, छपराचे आणि जातीचे आहे.

१

आपल्याकडे या मोजमापाची सुरुवात दुष्काळापासून होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाले. सरकारपुढे प्रश्न होता तो असा, की खरा उपाशी कोण आणि सोंग घेणारा कोण, हे ओळखावे कसे? त्याचे उत्तर म्हणून मदतकामावरची मजुरी मुद्दाम खाली आणण्यात आली. सर रिचर्ड टेंपल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मजुरीत दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढेच मिळे. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी या मजुरीविरुद्ध कामे सोडली. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता.

पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली आणि 'कसोटीची कामे' ही कल्पना कायम झाली. कसोटीचे काम म्हणजे असे : एखाद्या भागात टंचाई आहे की नाही याची शंका असेल तर तेथे एक कष्टाचे काम काढावे, मजुरी जेमतेम जगण्यापुरती ठेवावी आणि किती लोक येतात ते पाहावे. लोक आले तर दुष्काळ खरा. न आले तर लोकांना अजून तेवढी झळ लागलेली नाही असे समजावे. येथे माणसाचे शरीर हेच मोजण्याचे यंत्र होते. ज्याच्या अंगात कामावर चालत जाण्याचेही बळ उरले नाही, जी बाई अंगावरचे मूल सोडून खडी फोडू शकत नव्हती, त्यांची भूक या यंत्रात नोंदली जाणे कठीण होते. आणि अपमानाची मजुरी नाकारून जो घरी परतला, तो तर मोजणाऱ्याच्या लेखी पोटभर जेवलेला ठरत होता.

त्याच १८७७ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले व त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालविला. उपाशी मुलाची परीक्षा घ्यावयाची नसते, त्याला जेवू घालावयाचे असते, एवढी साधी गोष्ट त्यांना दुष्काळ संहितेच्या आधी कळली होती.

या कसोटीचा अर्थ उलटा करण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातले लाखो शेतमजूर, अल्पभूधारक आणि त्यांच्या बायका कामांवर आल्या. मोर्चे निघाले, घेराव झाले. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला या रेट्याने बळ दिले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने संमत केला आणि १९७९ पासून तो अमलात आला. काम खडी फोडण्याचेच राहिले, मजुरीही तुटपुंजीच राहिली. पण तत्त्व बदलले. कसोटीच्या कामात सरकार माणसाची परीक्षा घेत होते. रोजगार हमीत माणसाने काम मागितले की परीक्षा सरकारची सुरू होत होती. या कायद्याच्या अंमलबजावणीतले घोटाळे आपण जाणतो. तरीही आपत्तीच्या मोजमापाच्या इतिहासात ही मोठी उलथापालथ होती, हे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. गरिबाची मागणी हाच टंचाईचा पुरावा मानला गेला.

२

आज ज्या प्रश्नावल्या आपल्या हाती येतात, त्यांची वंशावळ मात्र दुष्काळ संहितेतून निघत नाही. ती अमेरिकेतून येते. तेथे गिल्बर्ट व्हाइट या भूगोलज्ञाने १९४५ साली पुरासंबंधीचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. नद्यांवर धरणे आणि पूरभिंती बांधण्यावर अमोप पैसा खर्चूनही पुराची हानी का थांबत नाही, हा त्याचा प्रश्न होता. पूर हा केवळ पाण्याचा प्रश्न नसून माणूस कोठे आणि कसा राहतो याचा प्रश्न आहे, असे त्याने दाखविले. भिंत बांधली की लोकांना सुरक्षित वाटते आणि ते नदीच्या अधिकच जवळ घरे बांधतात. व्हाइटचे हे योगदान मोलाचे आहे. निसर्गाकडे बोट दाखवून स्वस्थ बसण्याची सवय त्याने मोडली.

त्याचा विद्यार्थी रॉबर्ट केट्स याने १९६२ साली टेनेसी राज्यातील लाफॉलेट या पूरग्रस्त गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर येणार हे माहीत असूनही लोक तेथेच का राहतात, असे त्याने लोकांनाच विचारले. स्वतः अनुभवलेल्या पुराहून मोठा पूर माणसाला कल्पिता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. येथून 'जाणीव' मोजण्याची परंपरा सुरू झाली. साठ-सत्तरच्या दशकांत निरनिराळ्या देशांत साधारण सारख्या प्रश्नावल्या घेऊन संशोधक फिरले.

या परंपरेचा एक फाटा कोठे गेला ते पाहण्यासारखे आहे. १९७२ साली सिम्स आणि बाउमन या दोन संशोधकांचा लेख 'सायन्स' या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. टोर्नेडो नावाच्या भोवऱ्यासारख्या वादळांनी अमेरिकेच्या दक्षिण भागात उत्तरेपेक्षा अधिक माणसे का मरतात, हा त्यांचा विषय. त्यांनी उत्तरेतील इलिनॉय आणि दक्षिणेतील अलाबामा येथील काही लोकांना अर्धी वाक्ये पूर्ण करावयास दिली. अलाबामातील लोकांनी ती देवाच्या, नशिबाच्या भाषेत पूर्ण केली. इलिनॉयमधील लोकांनी स्वतःच्या कर्तृत्वाच्या भाषेत. यावरून दक्षिणेकडील लोक दैववादी असल्यामुळे अधिक मरतात, असा सूर निघाला. घराच्या भिंती कशाच्या, तळघर आहे की नाही, वादळ रात्री येते की दिवसा, या गोष्टी अर्ध्या वाक्यांत मावत नव्हत्या. आपल्या वाचकांना हा सूर परका वाटणार नाही. 'ते लोक तसेच असतात,' हे वाक्य आपण वेगळ्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत.

या विचाराला त्याच दशकात उत्तरही मिळाले. ४ फेब्रुवारी १९७६ रोजी ग्वाटेमालात भूकंप झाला आणि सुमारे तेवीस हजार माणसे मेली. त्यांत मूळच्या माया जमातींची आणि शहरातल्या दरडीच्या कडेला राहणाऱ्या गरिबांची संख्या फार मोठी होती. भूकंपाला तेथे 'वर्गकंप' हे नाव पडले. त्याच वर्षी ओकीफ, वेस्टगेट आणि विस्नर यांनी 'नेचर' नियतकालिकात लिहिले, की नैसर्गिक आपत्तींतले 'नैसर्गिक' हे विशेषण आता काढून टाकले पाहिजे. धक्का निसर्गाचा असतो. तो कोणाला किती लागावा, हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

यानंतरचा एक निष्कर्ष तर आपण पाठच करून ठेवावा. १९९४ साली फ्लिन, स्लोविक आणि मर्ट्झ यांनी अमेरिकेतल्या एका पाहणीवरून दाखविले, की निरनिराळ्या धोक्यांना सर्वांत कमी लेखणारा गट गोऱ्या पुरुषांचा होता. स्त्रिया आणि काळे लोक यांना तेच धोके अधिक मोठे वाटत होते. त्यांतही हा फरक मुख्यतः अशा गोऱ्या पुरुषांमुळे पडला होता, जे अधिक शिकलेले, अधिक मिळकतीचे आणि सत्तेवर अधिक विश्वास ठेवणारे होते. म्हणजे धोका कमी वाटणे हे अज्ञानाचेच लक्षण असते असे नाही. ते कित्येकदा सुरक्षिततेचे आणि सत्तेचे लक्षण असते. ज्याला धोका अधिक वाटतो तो घाबरट नसतो. त्याला आपली जागा ठाऊक असते.

३

आता आपल्या गावगाड्याकडे येऊ. गावाला संकटाची वर्दी कोण देत होते? त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली लिहिले. गावकीतल्या महाराच्या कामांची यादी त्यात पाहावी. गावाची राखण महाराने करावयाची, सांगावा महाराने पोचवावयाचा, लोकांना चावडीवर बोलावून आणावयाचे, रात्री-अपरात्री परगावी मेल्याची खबर घेऊन जावयाचे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर गावाची पूर्वसूचना-यंत्रणा दोन पायांवर चालत होती आणि ते पाय महाराचे होते. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले ते या रात्रंदिवसाच्या वेठीविरुद्ध. आणि मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने रद्द झाली. येथे मुद्दा असा, की ज्याला सबंध गावाच्या शिवाराची, नदीनाल्याची, वाटांची खडान्‌खडा माहिती होती, त्यालाच पुढे 'धोक्याची जाणीव नसलेला' ठरविण्यात आले.

जाणीव होती; जागा निवडण्याचा अधिकार नव्हता. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या जीवनावर लिहिलेले, परंतु त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले लेखन १९८९ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यात हिंदू गावाने अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांची संहिताच त्यांनी मांडली आहे. अस्पृश्यांनी गावापासून वेगळे राहावे. त्यांची वस्ती दक्षिणेला असावी, कारण ती दिशा अशुभ. त्यांनी जमीन वा गुरे यांच्या रूपाने संपत्ती करू नये. आणि घरावर कौले घालू नयेत, गवताचेच छप्पर असावे. हे नियम मोडणे हा गुन्हा होता. वाचकांनी ही यादी आपत्ती व्यवस्थापनाच्या दृष्टीने पुन्हा वाचावी. घराची जागा, घराचे साहित्य, गाठीला असलेली संपत्ती, शेजाऱ्यांची मदत : धोक्याच्या तयारीची जी चार मुख्य साधने आज पुस्तकांतून शिकविली जातात, त्या प्रत्येकावर जातीने बंदी घातलेली होती. असे असता त्या माणसाला 'तुमची पूर्वतयारी किती?' असे विचारणे म्हणजे हात बांधून पोहण्याची परीक्षा घेण्यासारखे आहे.

४

छपराच्या या नियमाला मराठवाड्यात एक विलक्षण वळण मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. रिश्टर मापनावर तो सहाहून अधिक तीव्रतेचा होता. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. शासकीय आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे मेली.

ती कशाने मेली? या भागातले ऐपतदार घर म्हणजे माळवदाचे. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या. वर लाकडी सरा-फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. हे घर उन्हापासून आणि चोरापासून उत्तम राखण करीत असे; म्हणजे तीही एक पूर्वतयारीच होती, पण दुसऱ्या धोक्याची. भूकंपात जे घर जितके जड, तितका त्याला हिसका मोठा. मातीतल्या दगडांना धरून ठेवणारे काही नव्हते. भिंती फुटल्या आणि झोपलेली माणसे दगडमातीखाली गाडली गेली. याउलट कुडाच्या भिंती आणि गवताचे किंवा पत्र्याचे छप्पर असलेली हलकी घरे मोठ्या प्रमाणात टिकली, किंवा पडली तरी त्यांनी माणसे मारली नाहीत. नंतर आलेल्या अभियंत्यांनी हे नोंदवून ठेवले आहे. ज्याला माळवद परवडत नव्हते, आणि ज्याच्या आज्याला ते बांधूच दिले नसते, तो त्या पहाटे छपराखालून जिवंत बाहेर आला.

यावर 'निसर्गाने न्याय केला' असे म्हणणारे काहीजण मला भेटले आहेत. आपल्यातलेही भेटले आहेत. हे म्हणणे मला मान्य नाही. ढिगाऱ्याखाली लेकरे होती, आणि त्यांत सर्व जातींची होती. शिवाय ग्वाटेमालात गरीब मेले आणि किल्लारीत पुष्कळ खातेपिते मेले, म्हणून वर्ग आणि जात यांचा हिशेब फिटतो असेही नाही. तो हिशेब पुढे पुनर्वसनात कसा उगवला ते आपण पाहणारच आहोत. किल्लारीने सिद्ध केले ते एवढेच, की जीव वाचणे आणि जाणीव असणे यांचा संबंध मोजणारे समजतात तितका सरळ नाही. छपराखालचा माणूस भूकंपशास्त्र शिकला म्हणून वाचला नाही, आणि माळवदातला माणूस अडाणी म्हणून मेला नाही.

जाणिवेचाच प्रश्न काढावयाचा तर किल्लारीच्या लोकांना ती होती. ऑगस्ट १९९२ पासून तेथे जमीन हादरत होती. शंभराहून अधिक लहानमोठे धक्के बसले आणि १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का चांगलाच जोराचा होता. जमिनीतून आवाज येत. लोक घाबरून घराबाहेर झोपू लागले होते, असे त्या काळच्या अनेक कथनांत येते. केट्सच्या लाफॉलेटमधील लोकांप्रमाणे त्यांना अनुभव कमी पडला नव्हता. परंतु बाहेर किती महिने झोपावयाचे? पाऊस आला, सुगी आली, धक्के थांबले. माणसे आत गेली. घर पाडून नवे बांधणे कोणाच्या ऐपतीत होते?

आणि तज्ज्ञांची जाणीव काय सांगत होती? देशाच्या भूकंपप्रवणतेचा जो नकाशा १९८४ सालच्या भारतीय मानकात होता, त्यात लातूरचा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, हा समज ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने एकदा खोटा ठरविला होता. कोयनेला हादरा बसल्यावर कोयनेचा पट्टा बदलला. किल्लारीला बसल्यावर २००२ साली किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात गेली आणि पहिला पट्टाच नकाशातून काढून टाकण्यात आला. अलीकडे १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. ती वाडीही दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच सांगितले. माझा नकाशांना विरोध नाही. शास्त्र चुकते आणि सुधारते, ते त्याचे बळ आहे. पण तज्ज्ञांचा नकाशा चुकला तर त्याला 'नवी माहिती' म्हणावयाचे आणि खेडूत चुकला तर त्याला 'अज्ञान' म्हणावयाचे, हा दुहेरी न्याय झाला.

५

आता आजच्या प्रश्नावलीकडे वळू. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका वस्तीवर माझे विद्यार्थी पाहणी करीत होते. मी सोबत होतो. वस्ती ऊसतोड मजुरांची. छापील प्रश्न होता : 'घरात आपत्कालीन पिशवी तयार आहे काय?' एका बाईने उत्तर दिले, "हाय की. कोयता, तवा, दोन गोधड्या, लेकरांची कापडं. दसरा झाला की उचलायची अन् निघायचं."

विद्यार्थी म्हणाला, "मावशी, ती नव्हं. भूकंप आला, पूर आला तर लागणारी पिशवी."

बाई म्हणाली, "आमाला येगळी कशाला लागती बाबा? हीच की."

पुढचा प्रश्न होता : 'सूचना मिळाल्यास आपण सुरक्षित स्थळी जाल काय?' ती म्हणाली, "जाऊ. पर कुठं? साळंची किल्ली गावात असती."

पर्याय तीनच होते : होय, नाही, सांगता येत नाही. विद्यार्थ्याने पहिल्याला 'नाही' आणि दुसऱ्याला 'सांगता येत नाही' अशी खूण केली. छापील सूचनेप्रमाणे ते बरोबरच होते. पिशवीत टॉर्च, औषधे आणि कागदपत्रे असली तरच ती पिशवी. संध्याकाळी बेरजा झाल्या तेव्हा ती बाई 'जाणीव कमी, तयारी नाही' या रकान्यात जमा झालेली होती.

वर्षातले पाच-सहा महिने कोपीत काढणाऱ्या, दर साली घर मोडून पुन्हा मांडणाऱ्या बाईची तयारी शून्य! तिने जे खरे सांगितले होते ते तर या प्रश्नावलीत कोठेच नोंदले गेले नाही. सुरक्षित जागा गावात आहे, तिची किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे आणि ती रात्री आपल्यासाठी उघडेल याची तिला खात्री नाही, हा तिचा अनुभव होता. अलाबामातील माणसांना अर्धी वाक्ये दिली गेली होती. आमच्या बाईने पूर्ण वाक्य सांगितले आणि आम्ही ते अर्धे करून घेतले. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना निवाऱ्यात आणि मदतवाटपात जी वागणूक मिळाली, तिचे अहवाल उपलब्ध आहेत. ते वाचल्यावर या बाईचा संशय 'चुकीची समजूत' म्हणून बाजूला सारता येत नाही. तीही जोखीम-जाणीवच आहे. मात्र येथे जोखीम शेजाऱ्याची आहे.

६

किल्लारीच्या पुनर्वसनात हाच प्रश्न दगडविटांत उतरला. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ पासून मोठा कार्यक्रम राबविण्यात आला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. एवढ्या थोड्या वर्षांत एवढी घरे उभी राहिली, ही गोष्ट लहान नाही. दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात गावोगावच्या स्त्रियांना संवाद-सहायक म्हणून उभे केले गेले. भूकंपात टिकणारी भिंत कशी असावी हे बायका गवंड्याला विचारू लागल्या. हे या इतिहासातले उजळ पान आहे.

परंतु घरांचे आकार ठरले ते जमीनधारणेवरून. भूमिहीन आणि अत्यल्पभूधारकास २५० चौरस फूट, मधल्यास ४५० आणि मोठ्या जमीनदारास ७५०. घरात माणसे किती, हा निकष मुख्य नव्हता. भूकंपाने एका रात्रीत सगळ्यांना सारखे बेघर केले होते. पुनर्वसनाने सातबारा पाहून त्यांना पुन्हा वेगळे केले. अनेक नव्या गावांत एका आकाराची घरे एका ओळीत बांधली गेली. भूमिहीनांत दलित आणि भटके यांचा भरणा मोठा. त्यामुळे अडीचशे फुटांची ओळ म्हणजे कोणाची ओळ, हे कोणाला विचारण्याची गरज राहिली नाही. दक्षिणेच्या दिशेची आज्ञा कोणी दिली नव्हती. आखणीकाराच्या मनात जात नसेलही. त्याच्या कोष्टकात ती जमिनीच्या रूपाने आधीच येऊन बसली होती. ज्याच्या आज्याला जमीन धरण्याची मनाई होती, त्याच्या नातवाचे घर जमीन नाही म्हणून लहान झाले. नुकसान किती झाले याचे मोजमाप जेव्हा 'आधी काय होते' यावरून होते, तेव्हा ज्याच्याकडे आधीच काही नव्हते त्याचे नुकसानही थोडेच भरते.

म्हणून या कामात पडलेल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे, की प्रश्नावली फेकून देऊ नका. तिचे प्रश्न बदला. 'तुम्हांला पुराची भीती वाटते काय?' या प्रश्नाखाली आणखी काही प्रश्न हाताने लिहा. घराखालची जागा कोणाच्या नावावर आहे? सूचना मिळाली तर एक दिवसाची मजुरी बुडवून निघणे परवडेल काय, आणि ती मजुरी कोण भरून देईल? दवंडी असो वा मोबाइलवरचा संदेश असो, तो तुमच्या वस्तीवर गावाच्या आधी येतो की नंतर? निवाऱ्याची किल्ली कोणाकडे असते? गेल्या वेळी तेथे पाण्याच्या हंड्याला सर्वांनी हात लावला काय? आणि ही उत्तरे लोकांच्या मनाचा दोष म्हणून न मांडता ग्रामपंचायतीच्या, तहसीलच्या आणि जिल्हा आराखड्याच्या दोषांची यादी म्हणून मांडा. ती यादी ग्रामसभेत वाचा, ठराव करून घ्या, प्रत तहसीलदाराकडे द्या आणि पोच घ्या.

रोजगार हमीने एकदा हे करून दाखविले आहे. माणसाच्या गरजेची परीक्षा घेणारी कसोटी तिने शासनाच्या कर्तव्याची कसोटी बनविली. आपत्तीच्या बाबतीत ते काम अजून व्हावयाचे आहे. तोपर्यंत बालाघाटातल्या त्या बाईच्या फॉर्मवर 'सांगता येत नाही' हीच खूण राहणार, आणि आपल्या पुढच्या अहवालात तिला दैववादी म्हटले जाणार. पुढच्या पावसाळ्याआधी तिच्या वस्तीसाठी एखाद्या निवाऱ्याची किल्ली तिच्या वस्तीतल्याच कोणाच्या हातात देता आली, तर पूर्वतयारीचा तो एक खरा आकडा होईल.